यात्रेच्या दुसऱ्या दिवशीचे मटण

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहू लागल्या, की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू झाला असे समजावे. गावोगावच्या यात्रा कमिटीची मंडळी तेथे येतात, फड पाहतात, सुपारी ठरवतात. त्याच आठवड्यात मीही माझ्या दवाखान्यात एक तयारी करून ठेवतो. सलाइनच्या बाटल्या मोजतो आणि जलसंजीवनीची पाकिटे जास्तीची मागवतो. यात्रेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे कोणाच्या ना कोणाच्या घरून फोन येणार, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक झाले आहे. फोनवरचे वाक्यही ठरलेले असते : "डॉक्टर, आबांना रात्रीपासून जुलाब लागलेत, उठवत नाहीये त्यांना."

वाचकहो, आपल्याकडच्या यात्रेचे स्वरूप आपल्याला सांगायला नको. एके दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य आणि पालखी, तर कित्येक गावांत दुसऱ्या दिवशी तिखटाचे जेवण. मुंबईची मंडळी गावी येतात, लेकी-जावई येतात, शेजारच्या गावांतले सोयरे येतात. पाहुण्याला कमी पडले ही मोठी नामुष्की. म्हणून पंधरा माणसे येणार असली तरी तीस माणसांचे शिजते. साहजिकच उरते. हे उरलेले मटण रात्रभर त्याच पातेल्यात चुलीच्या आडोशाला राहते आणि सकाळी गरम करून घरात वाटले जाते. घरातली तरुण मंडळी ते पचवून शेतात जातात. आजोबा-आजी मात्र कधी कधी थेट माझ्याकडे येतात.

यावर माझे अनेक वर्षे एकच सांगणे असे : "म्हाताऱ्या माणसाला शिळे देऊ नका." हे सांगणे अर्धेच बरोबर होते. उरलेले अर्धे मला एका सुनेने शिकवले. ती हकीकत आधी सांगतो.

एका सुनेचा प्रश्न

सुमारे आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शहात्तर वर्षांच्या एका आजींना यात्रेच्या दुसऱ्या दिवशी जुलाब झाले. त्या रक्तदाबाच्या गोळ्या घेत होत्या. शरीरातले पाणी कमी झाले, लघवी थांबल्यासारखी झाली, बोलणे असंबद्ध होऊ लागले. दोन दिवस सलाइन द्यावे लागले. त्या वाचल्या. घरी सोडताना मी त्यांच्या मुलाला आणि सुनेला जरा रागानेच म्हणालो, "यापुढे आजींना शिळे काहीही द्यायचे नाही. मटण तर नाहीच नाही."

घरच्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. आठ महिन्यांनी त्या न्हाणीत पडल्या, मनगट मोडले, म्हणून माझ्याकडे आणल्या. वजन केले, तर ५२ किलोंवरून ४५ किलोंवर आले होते. दंड सैल पडले होते. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हते. रक्त तपासले, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. आजार म्हणावा असे काही सापडले नाही. तेव्हा मी विचारले, "आजी दिवसभरात खातात काय?"

सून म्हणाली, "डॉक्टर, आम्ही सकाळी रानात जातो ते सांजचं येतो. आधी दुपारी आत्या रातचं उरलेलं खायच्या. कालवण म्हणा, उसळ म्हणा, मटण असलं तर मटण. ते तुम्हीच बंद केलंत. आता दुपारी चहा आन् बटर खात्यात. आन् ताजं मटण त्यांना चावतच नाही. रस्सा पितात, फोडी नातवंडांच्या ताटात टाकतात. दुसऱ्या दिवशीचं मऊ झालेलं तेवढंच त्या खायच्या."

मी निरुत्तर झालो. एका दुखण्यापासून वाचवण्यासाठी मी दिलेल्या सल्ल्याने दुसरे दुखणे आणले होते, आणि ते हळूहळू आल्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. म्हातारपणी अंगावरचे मांस झडू लागले की तोल जातो, तोल गेला की हाड मोडते, आणि हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. जुलाब दोन दिवसांत दिसतात. उपासमार दिसायला आठ महिने लागतात.

तेव्हापासून मी सांगणे बदलले. आता मी म्हणतो : उरलेले देऊ नका, उरवलेले द्या. शब्दांत फरक थोडा आहे, पण त्या फरकात आजी-आजोबांची प्रकृती आहे. जेवणे आटोपल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहिले ते उरलेले. जेवणे सुरू होण्यापूर्वीच, म्हाताऱ्या माणसाच्या नावाने जे बाजूला काढून नीट थंड करून ठेवले ते उरवलेले.

पातेल्यात रात्री काय घडते

"सकाळी चांगले उकळले होते की, डॉक्टर," असे घरचे लोक सांगतात आणि ते खरेच सांगत असतात. मग पोट का बिघडते? याचे उत्तर सकाळच्या उकळीत नसून रात्रीच्या कोमटपणात आहे.

मांसामध्ये क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे जंतूचे कवचातले, झोपलेले रूप. साध्या उकळीने ते मरत नाहीत. मटण शिजून खाली उतरले आणि हळूहळू कोमट होऊ लागले, की हे बीजाणू जागे होतात आणि झपाट्याने वाढतात. पातेले जितके मोठे तितके ते सावकाश निवते. वरचा रस्सा बोटाला गार लागला तरी मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. म्हणूनच घरच्या छोट्या कढईपेक्षा यात्रेच्या मोठ्या पातेल्यातून हा त्रास अधिक होतो. असे अन्न पोटात गेल्यावर साधारण ६ ते २४ तासांत पोटात कळा येतात आणि जुलाब सुरू होतात.

दुसरा जंतू स्टॅफिलोकॉकस. तो माणसाच्या नाकात, त्वचेवर, हातावरच्या जखमेत असतो. वाढणाऱ्याच्या हातातून तो अन्नात जातो आणि कोमट अन्नात विष तयार करतो. हे विष उकळूनही नष्ट होत नाही. सकाळी अन्न उकळले तर जंतू मरतात, विष तसेच राहते. अशा अन्नाने तासा-दोन तासांतही उलट्या सुरू होऊ शकतात.

यातली सर्वांत फसवी गोष्ट ही, की अशा मटणाला वास येतोच असे नाही आणि त्याची चव बिघडतेच असेही नाही. म्हणून "जरा चाखून बघते" ही परीक्षा येथे उपयोगाची नाही. नाकापेक्षा घड्याळावर भरवसा ठेवावा. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जितका कमी वेळ राहील तितके बरे. चुलीवरून उतरल्यापासून २ तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जावे. आणि चैत्र-वैशाखात पारा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासाच्या आत.

तरुणाला जे सोसते ते वृद्धाला का सोसत नाही? वयोमानाने जठरातले आम्ल कमी होऊ शकते, आणि पित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांचे ते आणखी कमी होते. हे आम्ल जंतूंविरुद्धचा पहिला पहारेकरी असते. शिवाय वृद्धांना तहान कमी लागते, त्यामुळे जुलाबांत गेलेले पाणी आपणहून भरून निघत नाही. त्यात रक्तदाबाच्या वा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मूत्रपिंडांवर लवकर ताण येतो. माझ्या त्या आजींचे हेच झाले होते.

जुन्या लोकांना हे जंतूशास्त्र ठाऊक नव्हते, तरी व्यवहार ठाऊक होता. मांस एक तर त्याच दिवशी संपवायचे, नाही तर पूर्ण वाळवायचे. मराठवाड्यातल्या दलित समाजाच्या खाद्यपरंपरेवर शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले. मांसाच्या पट्ट्या उन्हात कडक वाळवून केलेल्या चान्या ही त्याच परंपरेतली. वाळलेल्या मांसात पाणी उरत नाही, त्यामुळे जंतूंना वाढता येत नाही. ताजे किंवा वाळलेले, या दोहोंच्या मधला रात्रभराचा कोमट मार्ग मात्र कोणत्याच परंपरेत शहाणपणाचा नाही.

ताकद रश्श्यात की फोडीत?

आजारी माणसाला रस्सा पाजावा, त्यात सगळी ताकद उतरते, असा आपल्याकडे समज आहे. रश्श्याने तोंडाला चव येते, पोटात पाणी जाते, हे खरे. पण प्रथिने बव्हंशी फोडीतच राहतात. रस्सा आजोबांना आणि फोडी नातवाला, अशी वाटणी झाली तर आजोबांच्या वाट्याला पाणी, मीठ, तिखट आणि तर्री एवढेच येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावीत, असे वार्धक्यातील आहाराचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलोंच्या आजींना दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. आता हिशेब करा. एका मध्यम भाकरीतून ५ ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यातून ६ ग्रॅम, एक पेला दुधातून ६ ते ७ ग्रॅम मिळतात. हाडे काढलेल्या शिजलेल्या मटणाच्या ५० ग्रॅममधून १२ ते १३ ग्रॅम मिळतात. चहा-बटरातून मिळतात ती नावापुरतीच. मटणात सहज शोषले जाणारे लोह असते आणि ब-१२ जीवनसत्त्वही असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी पडू शकते, म्हणून त्यांच्या दृष्टीने हे विशेष.

अडचण एकच, दातांची. आणि येथेच दुसऱ्या दिवशीचे मटण कामी येते. एकदा शिजलेली फोड दुसऱ्यांदा शिजली की तंतू सुटतात, बोटांनी सहज उकलतात. हे केवळ आपल्याच घरांत चालते असे नाही. इंग्रज लोक रविवारी भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा करत आणि सोमवारी उरलेल्याचा खिमा करून त्यावर उकडलेल्या बटाट्याचा थर देऊन पुन्हा भाजत. त्यांच्या राजवटीत भारतातल्या स्वयंपाक्यांनी असेच उरलेले भाजके मांस कांदा-मिरचीवर परतले. हॉटेलातला जालफ्रेझी हा त्याचाच वंशज मानतात. पहिल्या दिवशीचे पाहुण्यांचे आणि दुसऱ्या दिवशीचे घरातल्या दात नसलेल्या माणसांचे, ही वाटणी तशी जुनी आहे. तिला घड्याळाची शिस्त लावणे एवढेच आपले काम.

उरवण्याची पद्धत

१. मटण हळद, मीठ, आले-लसूण घालून शिजले, की काळा मसाला आणि वाटण पडण्यापूर्वीच आजी-आजोबांचा वाटा अळणीतून बाजूला काढावा. त्यात तिखट नसते, तेल कमी असते, आणि पुढे त्याचे काहीही करता येते. मीठ मात्र सुरुवातीलाच बेताने घालावे. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा, जास्त मीठ पोटात जाऊ नये.

२. हात साबणाने धुवावेत. बोटाला जखम असेल तर दुसऱ्या कोणी हे काम करावे. फोडी ताटात वा परातीत दोन बोटांपेक्षा जाड थर होणार नाही अशा पसराव्यात. रस्सा लहान भांड्यात काढून ते भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावे. अर्ध्या तासात वाफ जाते. मग लहान, उथळ डब्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. एका डब्यात एकाच वेळचे अन्न असावे. कच्चे मटण फ्रीजमध्ये असेल तर ते खाली आणि शिजलेले वर.

३. थंड झालेल्या रश्श्यावर दुसऱ्या दिवशी चरबीचा पांढरा थर येतो. तो चमच्याने काढून टाकावा. हृदयविकार असलेल्यांना ताज्या रश्श्यापेक्षा हा रस्सा यामुळेच बरा.

४. फ्रीजमधले शिजलेले मटण सर्वसाधारणपणे ३ दिवस चालते. वृद्धांसाठी मी २ दिवसांचीच मुदत देतो. त्याहून अधिक ठेवायचे असेल तर पहिल्याच रात्री बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. तो कप्पा पुरेसा गार असेल आणि आतले घट्ट गोठत असेल, तर दोन महिने हरकत नाही. काढताना ओट्यावर न ठेवता रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात वितळू द्यावे.

५. वीज गेली तर फ्रीजचे दार उघडू नये. बंद फ्रीज सुमारे ४ तास गार राहतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर आतले शिजलेले मटण वृद्धांना देऊ नये.

६. गरम करताना तेवढ्यापुरतेच काढावे, मधोमध वाफा येईपर्यंत ढवळत दोन-तीन मिनिटे उकळावे. एकदा गरम केलेले पुन्हा ठेवू नये.

७. ज्या घरी फ्रीज नाही त्यांनी उरवूच नये. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत आणि पश्चिम जुन्नरच्या पाड्यांत अशी घरे आहेत. तेथे त्याच जेवणात म्हाताऱ्यांचा वाटा वेगळा काढून अधिक वेळ शिजवावा आणि गरम असतानाच वाढावा. फोड मऊ होण्यासाठी रात्र जावी लागत नाही. कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या तरी पुरे.

आणखी एक प्रसंग आपल्याकडे नेहमीचा. घरात म्हातारा-म्हातारी दोघेच असतात, मुले मुंबईला. शेजारी प्रेमाने मांडवातला डबा आणून देतात. तो टाकवत नाही. दोन माणसे चार दिवस पुरवून खातात. डबा देणाऱ्याने तो जेवणे सुरू होतानाच भरावा आणि "सकाळी अकराला शिजलंय, आत्ताच खा" असे सांगावे. डबा घेणाऱ्यानेही "कधी शिजलं?" हे विचारण्यात संकोच मानू नये. वेळ कळत नसेल, किंवा रात्रभर बाहेर राहिलेले असेल, तर ते टाकून द्यावे. अन्न टाकणे जिवावर येते हे मी जाणतो. पण ते अन्न आपण रात्री पातेल्यात विसरलो तेव्हाच वाया गेले. सकाळी ते आजोबांच्या पोटात घातल्याने वाचत नाही.

दुसऱ्या दिवशीचे सोपे पदार्थ

प्रथम फोडी बोटांनी उकलून हाडाची प्रत्येक किरची शोधून काढावी. चष्मा लावून, उजेडात करावे. मग तंतू विळीवर बारीक करावेत किंवा पाट्यावर रगडावेत. मिक्सरमध्ये एक-दोनदा फिरवले तरी चालते. पुढची मापे एका माणसाची आहेत.

मऊ खिचडी : दोन मोठे चमचे तांदूळ, एक मोठा चमचा मूगडाळ, चिमूटभर हळद आणि अडीच वाट्या पाणी कुकरमध्ये पाच शिट्ट्यांपर्यंत शिजवावे. उघडून त्यात अर्धी वाटी बारीक केलेले मटण घालून पाच मिनिटे रटरटू द्यावे. वरून अर्धा चमचा साजूक तूप आणि जिऱ्याची फोडणी. डाळ आणि मटण दोन्हींतून प्रथिने मिळतात.

अळणीतल्या कण्या : तांदळाच्या वा ज्वारीच्या कण्या चरबी काढलेल्या अळणीत पुरेसे पाणी घालून बोटाने चुरडतील इतक्या शिजवाव्यात. मटण घालून पुन्हा उकळी आणावी. वरून मिरपूड आणि लिंबू. आजारातून उठलेल्यांना हे लवकर रुचते.

भाकरीचा कुस्करा : अर्धी बाजरीची भाकरी बारीक कुस्करावी. रश्श्यात निम्मे पाणी घालून तो उकळावा, त्यात मटण घालावे आणि कुस्करलेल्या भाकरीवर ओतून दहा मिनिटे झाकून ठेवावे. कवळी काढलेल्या तोंडालाही हे जमते आणि ताट सगळ्यांसारखेच दिसते. "मला वेगळे काही नको" म्हणणाऱ्या आजोबांसाठी हा पदार्थ आहे.

भोपळ्यातला खिमा : चमचाभर तेलावर लसूण आणि वाटीभर किसलेला लाल भोपळा किंवा दुधी परतून मऊ करावा. अर्धी वाटी बारीक मटण घालावे, वाफ आणावी, आणि शेवटी एक अंडे फोडून पूर्ण शिजेपर्यंत ढवळावे. मऊ पोळीबरोबर किंवा भाताबरोबर द्यावे.

धिरडे : ज्वारीचे पीठ आणि बेसन समप्रमाणात घेऊन सैल भिजवावे. त्यात दोन-तीन चमचे वाटलेले मटण, कोथिंबीर, ओवा घालावा आणि मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शिजवावे. हाताने खाताना ज्यांचा हात कापतो त्यांना रस्सा सांभाळण्यापेक्षा हे सोपे जाते.

हे पदार्थ आठवड्यातून एक-दोन वेळा पुरेत. रोज मटण खावे असे मी सुचवत नाही. इतर दिवशी अंडी, दूध, डाळी, मोड आलेली कडधान्ये आहेतच. घरात माळकरी मंडळी असतील, तर त्यांच्या वरण-उसळीला आणि भातालाही उरवण्याचे हेच नियम लागू आहेत. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातातही विष तयार होऊ शकते.

कोणी विचारून खावे

मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. संधिवाताचा गाऊट हा प्रकार असलेल्यांनी मटण बेताने खावे, काळीज आणि इतर अवयवांचे मांस टाळावे. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना मटण पूर्ण वाटून, घट्टसर करूनच द्यावे. ताठ बसवून, लहान घासांनी भरवावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. नळीचे हाड चोखण्याचा आग्रह कवळी असलेल्यांनी सोडावा.

पोट बिघडलेच तर

जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट एकदम विरघळवावे. नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात सपाट ६ लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे, चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. मधुमेह आहे म्हणून जलसंजीवनी नाकारू नये. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्र किती द्यावी हे फोनवर विचारून घ्यावे.

जुलाब थांबवण्याची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणू नये. रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा वेळी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, उभे राहताना चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले, गुंगी आली, शौचातून रक्त पडले किंवा ताप चढला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

त्या आजींबद्दल सांगायचे राहिले. मनगट जुळले. सुनेने दुपारच्या जेवणाचा मार्ग स्वतःच शोधला. आजींना अक्षरओळख नाही, म्हणून ती डब्यांच्या झाकणांवर खडूने रेघा ओढते. आज खायच्या डब्यावर एक रेघ, उद्याच्या डब्यावर दोन. दोन रेघांचा डबाही राहिला तर तिसऱ्या दिवशी तो टाकला जातो. गरम करताना आजी त्यात चमचा फिरवत राहतात आणि वाफ नाकाला लागली की उतरवतात. वर्षभरात वजन ४९ किलोंवर आले. खुर्चीतून त्या पुन्हा हात न टेकता उठू लागल्या. हे सगळे एकट्या मटणाने झाले असे मी म्हणणार नाही. दुपारच्या पोटभर, मऊ जेवणाने झाले, आणि मटण त्याचा एक भाग होते.

यंदा आपल्या गावच्या यात्रेला पातेले चुलीवर चढेल, तेव्हा पहिली पंगत बसण्यापूर्वी एक उथळ डबा स्वच्छ धुऊन जवळ ठेवावा. पाहुणे जेवायला बसले की मग आठवण राहत नाही. तो डबा आधी भरा, निववा, फ्रीजमध्ये ठेवा, आणि मग पंगत वाढा.